तीन हजार लाल टोपडी

सिदोनीची जीभ बारा वर्षं लाल होती. पान खाऊन नव्हे, पॅरिसात मेनिलमोंताँच्या चढावर पान कुठलं मिळायला. ती लाल होती कुंचल्यापायी. तीन केसांचा कुंचला रंगात बुडवायचा, टोक फुटलं की ओठांत धरायचं, जिभेवर फिरवून पुन्हा अणकुचीदार करायचं, आणि मग मसुराच्या डाळीएवढ्या एखाद्या डोक्यावर अलगद टेकवायचं. दिवसाकाठी तीनशे-साडेतीनशे वेळा. मादाम वासेरच्या रंगशाळेतल्या सगळ्याच बाया हे करायच्या. त्यामुळे कोपऱ्यावरचा कॉफीवाला नवी बाई आली की आधी "जीभ दाखव" म्हणायचा आणि मग सांगायचा, ही पिवळ्या मेजावरची, ही निळ्यावरची. त्याचा अंदाज कधी चुकला नाही.

एकोणीसशे सातची ही गोष्ट. तेव्हा सिनेमा निघायचा काळा-पांढराच, रंग त्याला मागाहून हातानं चढवायचा. अहो, हातानं म्हणजे हातानंच. फितीवरचं एकेक चित्र नखापेक्षा थोडं मोठं, अशी सोळा चित्रं सरकली की पडद्यावर एक सेकंद होतो. तीन मिनिटांच्या खेळाला तीन हजारांच्या आसपास चित्रं, आणि त्या प्रत्येकात कुणाचा झगा, कुणाची छत्री, कुठला दिवा, सगळं बायांनी खिडकीशी बसून रंगवायचं. लोक जत्रेतल्या तंबूत जाऊन तीन मिनिटांत बघून मोकळे व्हायचे, वर तोंड वाकडं करून म्हणायचे, "गुलाबी जरा फिकट होता, नाही?" असल्या लोकांना एक दिवस तरी त्या खिडकीशी बसवायला हवं होतं.

रंगशाळेत चार मेजं होती. आधी पिवळं, मग निळं, मग हिरवं, आणि सगळ्यात शेवटी लाल. लाल शेवटी का, तर तो द्वाड. ओला झाला की शेजाऱ्याच्या अंगावर जातो. त्याच्यावर दुसरा कुंचला फिरवलात तर सगळं चित्र गढूळ. म्हणून सगळ्यांचं आटोपल्यावर लाल. एका बाईनं एकच रंग लावायचा, आणि तोही पुठ्ठ्यातल्या भोकातून. चित्रावर पुठ्ठा ठेवायचा, त्याला वाटाण्याएवढं भोक, वर भिंग. हात चुकून भलतीकडे जाऊ नये म्हणून मादामनं ही शक्कल काढली होती. त्यामुळे झालं काय, की गोष्ट काय आहे हे एकीलाही ठाऊक नसायचं. पिवळ्या मेजाला केस आणि दिवे दिसायचे, निळ्याला आभाळ, सिदोनीला तेवढं लाल. एका मेजाचं काम संपलं की डब्याच्या झाकणावर आपल्या रंगाच्या खडूची एक रेघ ओढायची आणि डबा पुढे ढकलायचा. चौथी रेघ पडली की माल तयार.

सिदोनी आधी पंखे रंगवायची, बायकांचे हातपंखे. पंखे गेले, सिनेमा आला, ती इथे आली. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायची, "मला वेळ कुठंय, माझ्याकडे चाळीस राण्यांचे झगे पडलेत." आणि गंमत म्हणजे या बाईनं आयुष्यात एकदाही सिनेमा बघितला नव्हता.

"अगं, एकदा तरी चल," पिवळ्या मेजाची फिलोमेन दर रविवारी म्हणायची. फिलोमेन म्हणजे आडव्या अंगाची, मोठ्या आवाजाची, पिवळ्या जिभेची. दोघींचं भांडण आणि मैत्री बारा वर्षं एकाच चुलीवर शिजत होती.

"काय बघू? सगळं आधीच बघून झालंय माझं. तुकड्या-तुकड्यानं."

"तुकडे बघितलेस बाई, जेवण नाही बघितलंस."

"तू जेव. तुला त्याची गरज आहे," सिदोनी तिच्या कमरेकडे बघून म्हणायची, आणि मग सोमवारी दुपारपर्यंत फिलोमेन बोलायची नाही.

पण त्या वर्षी सिदोनीच्या थट्टेत जीव नव्हता. तिला सत्तेचाळिसावं लागलं होतं आणि तिचे डोळे गेले होते. म्हणजे आंधळी झाली नव्हती. तीन गल्ल्या पलीकडच्या चर्चच्या घड्याळातला मिनिटकाटा तिला लख्ख दिसायचा. पण हातातलं? हातातलं सगळं लोण्यात बुडवून काढल्यागत. एका भिंगावर तिनं दुसरं भिंग चढवलं होतं आणि वरच्याला काळा दोरा गुंडाळून ते एकच वाटेल असं केलं होतं. भोकातून दिसायचं तेवढं कसंबसं दिसायचं. भोकाबाहेरचं राम जाणे.

आणि ईस्टरनंतरचा शनिवार जवळ येत होता. दरवर्षी त्या शनिवारी मादाम वासेर एक बारीक सुई आणि रेशमाचा धागा घेऊन खिडकीशी उभी राहायची. एकेकीनं पुढे यायचं, मादाम दहापर्यंत आकडे मोजणार, तेवढ्यात सुई ओवायची. ओवली तर वर्षभर खुर्ची तुझी. नाही ओवली तर शाल उचलायची. गेल्या वर्षी निळ्या मेजाच्या म्हातारीनं शाल उचलली होती. नंतर ती बाजाराच्या तोंडाशी पाल्याच्या जुड्या विकताना दिसली, आणि सिदोनीनं रस्ता बदलला. तिला तोंड दाखवायचं कसं तेच कळेना. ती खुर्ची गेली तर आपल्याकडे काय उरतं, हा विचार सिदोनीला रात्रंदिवस खात होता.

त्यातच मस्यू तूर्नमिनचं काम आलं. मस्यू तूर्नमिन म्हणजे जत्रेतला तंबूवाला. दरवर्षी ईस्टरला शहराच्या पूर्वेकडे मधाच्या केकची जत्रा भरते, डुकराच्या आकाराचे केक, त्यावर साखरेनं तुमचं नाव. तिथे सगळ्यात मोठा तंबू त्याचा. मादामनं बायांना गोळा करून सांगितलं, "हा खेळ त्याला आवडला तर अख्ख्या वर्षाचं काम आपलं. नाही आवडला तर तो यंत्राकडे जाणार." शहराबाहेरच्या मोठ्या कारखान्यात म्हणे एक यंत्र आलं होतं, कापलेल्या छिद्रांतून रंग फासायचं, एका दिवसात इथल्या पंधरवड्याचं काम. मादाम पुढे म्हणाली, "तूर्नमिनला चारही रंग हवेत. आभाळ निळं, झाडं हिरवी, झगे पिवळे. चूक झाली तर जिची चूक ती घरी. मग ती कितीही जुनी असो."

सिदोनीच्या वाट्याला चिठ्ठी आली. लहान मुलीचं टोपडं लाल. बाकी लाल काही नाही.

आता खरी गफलत कशी झाली ते सांगायला हवं, कारण ही गफलत दुसऱ्या कुठल्या धंद्यात व्हायचीच नाही. नवे, कोरे डबे दाराशी फळीवर ठेवले जायचे आणि लाल मेज दाराशीच. ईस्टरआधीचे उपवास चालू होते, वार शुक्रवार, मांस वर्ज्य. म्हणून सिदोनीनं हेरिंग माशाचा तुकडा आणला होता. तिला ताटली लागायची नाही. एका जुन्या डब्याचं झाकण तिनं त्यासाठी ठेवलं होतं, त्याच्या पाठीवर मागच्या कुठल्याशा कामाच्या तीन रेघा अजून होत्या, पिवळी, निळी, हिरवी. मासा खाऊन झाला, झाकण आतून पुसलं. तेवढ्यात मादामनं हाक मारली. उठताना सिदोनीनं तूर्नमिनच्या कोऱ्या डब्यावर, उघडा दिसला म्हणून, हातातलं झाकण दाबलं. डब्याचं स्वतःचं झाकण बाजूला पडलं होतं, ते तिनं मग आपली ताटली समजून खणात टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोर डबा, वर तीन रेघा. पिवळं झालं, निळं झालं, हिरवं झालं. आता आपली पाळी. तिनं भोकाचा पुठ्ठा ठेवला, दोन भिंगं लावली आणि सुरू झाली. फीत बोडकी आहे, तिच्यावर रंगाचा ठिपका नाही, हे एखाद्या चांगल्या डोळ्याच्या बाईला नुसती फीत उजेडात धरली तरी कळलं असतं. सिदोनीला कळलं नाही. भोकातून तिला एक पांढरं टोपडं दिसत होतं, ते तिनं लाल केलं. मग पुढचं. अकरा दिवस ती तेच करत राहिली, एक सुट्टीही न घेता, कारण हे काम आपल्या हातून बिनचूक गेलं तर कदाचित मादाम सुईच्या वेळी आकडे जरा हळू मोजेल अशी तिला वेडी आशा होती. शेवटच्या पन्नासेक चित्रांत टोपडं नव्हतंच. भोकात नुसतं काळं. ती वैतागली, "गेली कुठं कार्टी?" आणि चौथी रेघ ओढून मोकळी झाली.

डबा बुधवारी गेला. एरवी मादाम स्वतः फीत खिडकीशी धरून बघायची, पण ती लेकीला आणायला स्टेशनवर गेली होती आणि मस्यू तूर्नमिन स्वतः दारात उभा. चार रेघा बघितल्या, डबा काखेत मारला, चालता झाला.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत फिलोमेन लाल मेजाशी आली. "मादाम विचारतील आता. नवे डबे तुझ्याच शेजारी येतात, तूर्नमिनची फीत आमच्याकडे केव्हा येणार?"

"येणार? ती काल गेली."

"गेली कशी? आम्ही पिवळं लावलंच नाही."

सिदोनीच्या हातातला पाव तिथेच राहिला. फिलोमेननं निळ्या मेजाकडे बघितलं, निळ्यानं हिरव्याकडे. कुणीच काही लावलं नव्हतं. फिलोमेननं खण ओढला, आतलं झाकण काढलं. कोरं. वर एक रेघ नाही, पण तूर्नमिनचं नाव खडूनं लिहिलेलं. मग तिनं सिदोनीकडे बघितलं आणि आवाज एकदम खाली आणला.

"तुझी ताटली कुठाय?"

ताटली तूर्नमिनच्या डब्यावर बसून जत्रेत गेली होती, हेरिंगच्या वासासकट.

"आणि तुला दिसलं नाही?" फिलोमेन कुजबुजली. "अकरा दिवस, सिदोनी. आभाळ पांढरं, झाडं काळी. तुला दिसलं नाही?"

सिदोनीनं भिंगावरचा काळा दोरा सोडला. एकाची दोन भिंगं झाली आणि मेजावर वाजली. फिलोमेननं त्या दोन भिंगांकडे बघितलं आणि ती खणात ढकलून दिली.

"शाल घे," ती म्हणाली. "पहिला खेळ किती वाजता?"

"तीन."

"आज गुरुवार, शाळांना सुट्टी. तंबू पोरांनी भरलेला असणार. चल, फीत पडद्यावर लागायच्या आत काढून आणू."

चढ उतरताना दोघी धावत होत्या. फिलोमेन धावतेय हे बघून कॉफीवाला दुकानाबाहेर आला. ट्राम मिळाली ती अर्ध्या वाटेपर्यंतच, पुढे जत्रेची गर्दी. झोपाळ्यांचा, बाजाच्या पेट्यांचा, नेमबाजीच्या दुकानांचा नुसता कल्ला. कुणाच्या तरी हातातलं मधाचं डुक्कर फिलोमेनच्या केसांत अडकलं, ती तशीच पुढे. सिदोनीला दूरवरूनच तंबूवरचं घड्याळ दिसलं. तीनला दोन मिनिटं कमी. मग तीन. मग तीन वाजून एक मिनिट.

तंबूच्या दाराशी त्या पोचल्या तेव्हा पडदा ओढलेला होता आणि आत हँडल फिरल्याचा खडखडाट चालू झाला होता.

"झालं," सिदोनी म्हणाली. "आता गेले मी."

"आत चल," फिलोमेननं तिला खांद्यानं ढकललं. "जायचंच आहे तर बघून तरी जा."

आत मिट्ट काळोख, घामाचा आणि संत्र्यांच्या सालीचा वास. सगळ्यात मागचं बाक रिकामं होतं, कारण तिथून कुणाला काही दिसत नाही असा सगळ्यांचा समज. सिदोनीला तिथून सगळं दिसलं. रेघ न् रेघ दिसली. इतकं स्वच्छ चित्र तिनं दोन वर्षांत बघितलं नव्हतं.

पडद्यावर एक जत्रा होती. राखाडी माणसं, राखाडी झोपाळे, राखाडी घोडे, शंभरएक माणसांची झुंबड. आणि त्या झुंबडीत आईचा हात धरून चाललेलं एक लाल टोपडं.

हललं ते. सिदोनीनं ते तीन हजार वेळा बघितलं होतं आणि ते हलतं हे तिला माहीत नव्हतं. टोपडं वर-खाली होत होतं, म्हणजे पोर उड्या मारत होती. अगं बाई, पोर उड्या मारत होती, आणि भोकातून बघताना आपण म्हणत होतो की या टोपड्याची जागा सारखी का बदलते, नेम धरून त्रास देते कार्टी. सिदोनीच्या घशातून हसू निघालं. तिला ते आवरेना.

मग आईचा हात सुटला. आई एका बाजूला लोटली गेली, टोपडं दुसऱ्या बाजूला. आई भिरभिरत डोकं वर करकरून शोधतेय, आणि तिला दिसत नाहीये. पण तंबूतल्या झाडून सगळ्यांना दिसतंय. काळ्या-पांढऱ्या शंभर डोक्यांत ते एवढंसं लाल.

"तिकडं," पुढच्या बाकावरचं एक पोर उभं राहिलं. "मागं बघ, मागं."

"गाडीपाशी आहे ती, गाडीपाशी," दुसरीकडून कुणीतरी.

टोपडं गाडीच्या मागे गेलं. लाल नाहीसं झालं. अख्ख्या तंबूनं श्वास धरला, सिदोनीनंही, आणि तिनंच तर तिथे लाल लावलं नव्हतं, कारण लावायला काही नव्हतं. ती वीसेक चित्रं तिला आठवत होती. त्या दिवशी तिला बरं वाटलं होतं, काम वाचलं म्हणून. टोपडं दुसऱ्या बाजूनं बाहेर आलं आणि तंबू एका घशानं ओरडला. फिलोमेननं सिदोनीचा दंड इतका घट्ट धरला होता की पुढे आठवडाभर तिथे निळं होतं.

यात आभाळ निळं असतं, झगे पिवळे असते, झाडं हिरवी असती, तर हे टोपडं कुणाला सापडलं असतं? सिदोनीला ते बसल्या जागी कळलं. बारा वर्षं आपण रंग लावतो तो सजवायला, असंच ती समजत होती. पंख्यावर गुलाब काढतात तसा. आणि इथे एक रंग सगळ्या तंबूला बोटाला धरून नेत होता.

शेवटी आई पोचली. पोरीला उचललं, छातीशी धरलं आणि आपली मोठी काळी शाल तिच्यावर पांघरली. टोपडं शालीत गेलं. पडद्यावर पुन्हा नुसतं काळं-पांढरं. लाल कुठेच नाही. ती शेवटची पन्नास चित्रं, ज्यांवर सिदोनी वैतागली होती. आता शोधायला काही उरलं नव्हतं, पोर आईपाशी होती. पुढे कुणीतरी मोठ्यांदा नाक शिंकरलं. सिदोनी रडत होती आणि तिला त्याची लाजही वाटली नाही.

उजेड झाला. मस्यू तूर्नमिन दाराशी उभा होता, मिशा पिळत, चेहरा उकडलेल्या बीटासारखा. सिदोनी सरळ त्याच्यापुढे गेली. लपून राहणं तिच्या रक्तात नव्हतं, आणि आता लपवून करायचं तरी काय.

"मस्यू, फीत अपुरी आहे. तिला एकच रंग लागलाय. चूक माझी, मादामची नाही."

"ते मला दिसलं," तूर्नमिन म्हणाला. "डब्याला माशाचा वास येतोय तोही कळला. मी चार रंग सांगितले होते. मी आत्ता यंत्रवाल्यांकडेच निघालो होतो." एवढ्यात बाहेर पडणाऱ्या एका जाड कोळिणीला त्यानं थांबवलं. पुरावा हवा होता त्याला, फसवणुकीचा. "बाई, या दोघींना सांगा. त्या आईचा झगा कुठल्या रंगाचा होता?"

"निळा," कोळीण डोळे पुसत म्हणाली. "निळाच की. माझ्या बहिणीचा आहे तसला."

"काहीतरीच काय, हिरवा होता," तिच्या मागची म्हातारी म्हणाली.

"आणि आभाळ?" तूर्नमिनचा आवाज जरा बदलला.

"निळं," कोळीण त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघत म्हणाली. "आभाळ दुसरं कसलं असतं? आणि पुन्हा केव्हा दाखवणार ते सांगा, मला नवऱ्याला आणायचंय."

म्हातारी झग्याच्या रंगावरून तिच्याशी भांडत भांडत बाहेर गेली. तूर्नमिन मिशा पिळायचा थांबला. बाहेर बघितलं तर आत्ताच बाहेर पडलेली पोरं पुन्हा रांगेत उभी होती. त्यानं सिदोनीकडे बघितलं आणि मग तो हँडल फिरवणाऱ्याला ओरडला, "गुंडाळ परत. आणि डबा धू."

शनिवार उजाडला. मादाम वासेर खिडकीशी उभी, हातात सुई आणि रेशीम. दुसऱ्या हातात तूर्नमिनची चिठ्ठी, ती तिनं अजून कुणाला वाचून दाखवली नव्हती. पिवळ्या मेजाच्या बायांनी ओवली, निळ्याच्या, हिरव्याच्या. फिलोमेननं आकडा सहावर असताना ओवली आणि सिदोनीकडे बघितलंच नाही.

"सिदोनी."

सिदोनी पुढे गेली. सुई घेतली आणि परत मादामच्या हातात ठेवली.

"मोजू नका, मादाम. मला ओवता येणार नाही. दोन वर्षं झाली. डबा त्यामुळेच गेला, माझ्या हेरिंगच्या ताटलीचं झाकण लागून." ती शाल उचलायला वळली.

"थांब," मादाम म्हणाली. तिचा चेहरा नेहमीसारखाच आंबट होता. "तूर्नमिननं लिहिलंय. त्या फितीच्या आणखी सहा प्रती हव्यात, अश्शाच. आणि वर्षभराचं काम. अट एकच, कुठला रंग कुठे हे ज्या बाईनं ठरवलं तिनंच पुढेही ठरवायचं. मी त्याला काय सांगू? की ठरवलं कुणीच नाही, हेरिंगनं ठरवलं?"

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"पण सगळ्या फिती लालच झाल्या तर आम्ही काय करायचं?" हे फिलोमेननं विचारलं. आवाजात राग नव्हता, भीती होती. तिच्या मेजावर पाच बाया होत्या.

सिदोनीनं तिच्याकडे बघितलं. "तूर्नमिनची नवी फीत मी काल बघितली. कोरी. त्यानं सकाळी तंबूत लावून दाखवली, मीच मागितली." तिनं फळीवरचा नवा डबा काढला, झाकण नाकाशी नेऊन हुंगून बघितलं आणि तो फिलोमेनच्या मेजावर ठेवला. "समुद्रावरच्या नाविकाची गोष्ट आहे. घरच्या खिडकीत बायको दिवा लावते. तो दिवा पिवळा. बाकी कशाला हात लावायचा नाही."

"आणि लाल?"

"यात लाल नाही. त्या सहा प्रतींचं लाल चांगल्या डोळ्यांच्या बाया लावतील."

"अगं, मग तुला काय उरलं?" फिलोमेन म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती त्याबद्दल स्वतःवरच चिडली होती.

"बघायचं आणि ठरवायचं," सिदोनी म्हणाली. मादामनं सुई पाकिटात ठेवली.

महिन्याभरात सिदोनीची जीभ साधी झाली, तुमच्याआमच्यासारखी. एका सकाळी ती कोपऱ्यावर कॉफी प्यायला थांबली तेव्हा कॉफीवाल्यानं सवयीनं जीभ दाखव म्हटलं, आणि बघून त्याचा चेहरा पडला. त्यानं कॉफीत न मागता साखरेचा दुसरा खडा टाकला.

"काढलं का गं तुला शेवटी?"

"काढलं," सिदोनी म्हणाली.

"कुठं बसतेस मग आता?"

"तंबूत. सगळ्यात मागच्या बाकावर." तिनं तीन गल्ल्या पलीकडचं घड्याळ बघितलं, कॉफी एका घोटात संपवली आणि ती उतारावरून धावत सुटली, कारण दहाला नवी फीत लागणार होती आणि तिला ती पहिल्या चित्रापासून बघायची होती.